ग्वानाहुआतोत ११ महिने राहायचंय : कागदपत्रं, घर आणि शाकाहारी स्वयंपाक

ओंजळ

नमस्कार मंडळी. मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतो शहरात ऑगस्टपासून ११ महिने मुक्काम आहे. आम्ही नवरा-बायको दोघंच. एकाचं काम तिथल्या विद्यापीठात, पगार विद्यापीठाकडूनच. दुसऱ्याचं पुण्यातल्या ऑफिससाठी घरून. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं.

दोघांच्याही पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे. तेवढ्यावर मेक्सिकोत जाता येतं असं कळलं, मग वेगळा व्हिसा काढायची गरज आहे का? घर जुन्या गावात बघावं की बाहेर मार्फिलला? फोटोत जुनी रंगीत घरं फार देखणी दिसतात, पण पाणी, गॅस, इंटरनेट यांचं काय? आणि कुकर-मिक्सर इथून न्यावेत का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सह्यकडा

आधी कागदपत्रांचं, कारण त्यातली चूक तिथे गेल्यावर निस्तरत नाही.

अमेरिकेच्या चालू व्हिसावर मेक्सिकोत प्रवेश मिळतो, पण फक्त पाहुणा म्हणून. जास्तीत जास्त १८० दिवस, आणि किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तुमच्यासारख्यांना पाहुण्याचा रहिवासी तिथे बसून होता येत नाही. ११ महिन्यांसाठी तात्पुरत्या रहिवाशाचा व्हिसाच हवा. पगार मेक्सिकन विद्यापीठ देणार असेल तर सुरुवात तुम्ही करायची नसते. विद्यापीठाने तिथल्या इमिग्रेशनकडून (आयएनएम) परवानगी काढायची, तिचा क्रमांक तुम्हाला कळवायचा आणि तो घेऊन तुम्ही दिल्लीच्या मेक्सिकन दूतावासात मुलाखतीला जायचं. विद्यापीठाला आजच विचारा, ऑगस्ट लांब नाही.

जोडीदाराचा अर्ज कुटुंबीय म्हणून होतो. त्यासाठी विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का) हवं : आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग विदेश मंत्रालयाचं अपोस्टिल. हे भारतातच होतं, त्यामुळे निघण्यापूर्वी उरकून घ्या. दोन-तीन मूळ प्रती काढून सगळ्यांवर अपोस्टिल करून ठेवलेलं बरं. स्पॅनिश भाषांतर लागतं, आणि मेक्सिकोत वापरायचं तर ते तिथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाचंच मागतात.

व्हिसाचं स्टिकर प्रवेशासाठी १८० दिवस चालतं, तेही एकदाच. आता सगळ्यात महत्त्वाचं. मेक्सिकोत उतरल्यावर काउंटरवर व्हिसाचं पान उघडून हातात द्या आणि ‘कांहे’ हा शब्द उच्चारा. कांहे म्हणजे अदलाबदल, व्हिसा देऊन रहिवासी कार्ड घेणं. अधिकाऱ्याने ३० दिवस लिहायला हवेत. अमेरिकेचा व्हिसा बघून सवयीने त्याने पाहुण्याचा शिक्का मारला आणि १८० लिहिले, तर ‘जास्त दिवस मिळाले’ म्हणून खूश होऊ नका. त्या नोंदीवर कार्ड मिळत नाही. काउंटर सोडण्याआधी दुरुस्त करून घ्या.

त्या ३० दिवसांत आयएनएमकडे कार्डाची प्रक्रिया सुरू करायची. कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, जावंच लागलं तर वेगळी परवानगी आधी काढावी लागते. कार्ड मिळालं की तिथेच उभं राहून नाव वाचा. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं आणि संगणकात ते आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. कार्डावरचं नाव आणि कुर्प (तिथला ओळख क्रमांक) यांत एका अक्षराचा फरक राहिला तरी पुढे बँकेत अडतं.

प्रवासाचं : अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, तुमच्याकडे तो आहेच. युरोपमार्गे जाणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढण्यापूर्वी बघा.

पाणवठा

घराबद्दल लिहितो. ग्वानाहुआतो सुमारे २,००० मीटर उंचीवर, अरुंद दरीत वसलेलं आहे. चांदीच्या खाणींमुळे वाढलेलं गाव, रस्त्यांचा आराखडा कुणी आखलेलाच नाही. नदीला पूर यायचे (१९०५चा फार मोठा), म्हणून पाणी वळवलं आणि जुन्या पात्रातून आता गाड्या जातात. वाहतुकीचा मोठा भाग जमिनीखाली बोगद्यांत आणि माणसं वर कायेहोनमध्ये. कायेहोन म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची बोळ, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी. तिथे गाडी पोहोचत नाही. पाणी, गॅस, फ्रिज, गादी, कचरा, सगळं खांद्यावरून. म्हणून तिथे घर निवडताना खोल्या मोजण्याआधी पायऱ्या मोजायच्या.

नळाचं पाणी पिण्याचं नाही. प्यायला गाराफोन, म्हणजे २० लिटरची बाटली, वजन २० किलो. दोघांना स्वयंपाकासकट आठवड्याला दोन-तीन लागतात. पोचवणारा पोरगा वर आणून देतो, पण १५० पायऱ्यांच्या वर राहिलात तर त्याला दर खेपेला वेगळे पैसे देणं रास्त आहे.

वापराचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, तिला तिनाको म्हणतात, साधारण ७५० किंवा १,१०० लिटरची. चढावरच्या वस्तीत पाणी चोवीस तास येईलच असं धरू नका. खाली जमिनीत हौद आणि पंप आहे का ते विचारा. मग शॉवरपासून टाकीचा तळ किती उंच आहे ते डोळ्यांनी बघा. एक मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. गरम पाण्याचा बंब (त्यालाही तिथे ‘बॉयलर’च म्हणतात) जर ‘दे पासो’ म्हणजे तात्काळ गरम करणारा असेल, तर एवढ्या दाबावर तो पेटतच नाही, किंवा पेटतो आणि अंगाला साबण लावल्यावर विझतो. घरमालक म्हणतो बंब नवा आहे, आणि ते खरंही असतं. दोष टाकीच्या उंचीचा. साठवणीचा बंब कमी दाबावर नीट चालतो. घर बघायला जाल तेव्हा शॉवरचा गरम नळ पाच मिनिटं सोडून ठेवा, त्याच वेळी स्वयंपाकघरातलाही उघडा. बंब न्हाणीघरात किंवा बंद खोलीत असेल तर ते घर घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेत जातो. बंबाची जागा अंगणात किंवा गच्चीवर.

गॅस सिलिंडरचा (बहुधा २० किंवा ३० किलोचा) किंवा गच्चीवरच्या कायम टाकीत पाइपने भरायचा. नवा सिलिंडर जोडला की साबणाच्या पाण्याने गळती तपासा, आणणारा माणूस उभा असतानाच.

भाडेकरारात एक महिन्याची अनामत आणि ‘आवाल’ मागतात. आवाल म्हणजे जामीनदार, ज्याची त्याच शहरात स्वतःची मालमत्ता आहे असा. परदेशी माणसाचा इथेच घोळ होतो. उपाय म्हणजे एकाऐवजी दोन महिन्यांची अनामत देणं, किंवा विद्यापीठाचं पत्र दाखवणं. सही करण्यापूर्वी वीजबिलाची प्रत मागा, का ते पुढे कुणी सांगेलच.

ऑक्टोबरात सेर्वान्तिनो हा कला महोत्सव असतो, १९७२पासून चालू आहे. त्या दिवसांत गाव फुलून जातं आणि खोल्यांचे दर चढतात. करार ऑगस्टमध्येच ११ महिन्यांचा करा, ‘आधी दोन महिने बघू’ असं केलंत तर नेमकं ऑक्टोबरात घर शोधावं लागेल. हार्दिन दे ला उनियोन (गावातली मुख्य बाग) आणि कायेहोन देल बेसोच्या आसपास रात्री विद्यार्थ्यांची गाणारी वाजवणारी टोळकी पर्यटकांना घेऊन बोळाबोळांतून फिरतात. ऐकायला सुरेख, खिडकीखाली रोज नको.

ओंजळ

खूपच उपयोगी, धन्यवाद! पायऱ्यांचा विचारच केला नव्हता. थंडीत हीटर लागतो का? आणि मिक्सरचं कुणी सांगेल का?

दगडी_जातं

वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ, प्लग अमेरिकेसारखे चपटे. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात. आपला २३० व्होल्टचा मिक्सर थेट लावला तर नुसता घुमतो, खोबरं वाटत नाही. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर ७५० वॅटच्या मिक्सरला किमान १,५०० वॅटचा घ्या, कारण सुरू होताना मोटार जास्त ओढते. बाजारातले ट्रान्सफॉर्मर ११० चे २२० करतात, म्हणजे दुप्पट. तिथल्या १२७ चे २५४ होतात. मिक्सरला हे वरच्या टोकाला जातं, मोटार तापते, म्हणून अर्धा-अर्धा मिनिट चालवून थांबायचं. ६० हर्ट्झची मिक्सरला अडचण नाही, कार्बन ब्रशची मोटार वारंवारितेवर अवलंबून नसते. एवढा लोखंडी गोळा नेण्यापेक्षा तिथली लिकुआदोरा (ब्लेंडर) ओल्या चटणी-वाटणाला घ्या आणि कोरडे मसाले कॉफीच्या छोट्या ग्राइंडरमध्ये दळा. पाटा-वरवंटा आवडत असेल तर तिथे मेताते आहे, तिरपा तीन पायांचा पाटा, आणि मोल्काहेते हा दगडी खल. नवा मोल्काहेते मुठीमुठीने कच्चे तांदूळ घालून घोटायचा. पहिलं पीठ करडं निघतं, ते फेकायचं, पांढरं पीठ येईपर्यंत तीन-चार वेळा. नाहीतर चटणीत कच लागते.

कुकर मात्र न्याच. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या भांड्यात काबुली चणे दिवसभर शिजतील. कुकरमध्ये पुण्यात साधारण ११९ अंश मिळत असतील तर तिथे ११६. एक-दोन शिट्ट्या जास्त, भाताला पाणी किंचित जास्त. दोन रबरी रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जवळ ठेवा.

हीटर : डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्या गार, दिवसा ऊन. घरांना गरम करायची सोय नसते आणि जाड दगडी-मातीच्या भिंती गारवा धरून ठेवतात. १,५०० वॅटचा हीटर रोज सहा तास लावला तर महिन्याला २७० युनिट. तिथे साध्या घरगुती दरात (बिलावर ‘तारिफा १’ लिहिलेलं असतं) १२ महिन्यांची सरासरी महिना २५० युनिटच्या वर गेली की सवलत जाते आणि महागडा दर लागतो. सरासरी मीटरची असते, माणसाची नाही. आधीच्या भाडेकरूने उधळलेली वीज तुमच्या बिलात दिसते. वर वीजबिल मागायला सांगितलंय ते यासाठी. बिल दोन महिन्यांचं येतं, मागचा वापर त्यावरच छापलेला असतो. हीटरपेक्षा जाड रजई आणि ऊन येणारी खोली बघा. भिंतीवर खालच्या बाजूला पांढरी भुकटी (सालित्रे) धरली असेल तर ती खोली पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ओली राहणार.

घरून काम : मेक्सिकोने २०२२मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, त्यामुळे ग्वानाहुआतो आपल्यापेक्षा वर्षभर साडेअकरा तास मागे. पुण्याचे सकाळचे ९ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

रानमेवा

शाकाहारासाठी. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणू नका. कार्ने म्हणजे बहुतेकांच्या मनात गाय-डुकराचं मांस, कोंबडी आणि हॅम त्यात धरत नाहीत. पूर्ण म्हणा : ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन’ (मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच खात नाही). पुढचे दोन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचेच. ‘येबा मान्तेका?’ (डुकराची चरबी आहे का), कारण घोटलेल्या राजम्यात आणि तामालेसमध्ये (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) ती सर्रास असते. आणि ‘येबा काल्दो दे पोयो?’, कारण लाल भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. ग्वानाहुआतोची खासियत एन्चिलादास मिनेरास, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली मक्याची पोळी, वर बटाटा-गाजर असतं. ती चीज भरून मिळते, फक्त कशात तळली ते विचारा.

घरी मात्र चैन आहे. मेर्कादो इदाल्गोत (१९१०चा लोखंडी मंडप) किंवा कुठल्याही मंडईत बेर्दोलागास म्हणून जुडी दिसेल, ती आपली घोळ. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची सुकी बोंडं, पाण्यात उकळून सरबत करतात, चटणीही छान होते. पिलोन्सियो हा शंकूच्या आकाराचा गूळ. आमारान्तो म्हणजे राजगिरा, आणि आलेग्रिया नावाने विकतात ती चक्क राजगिऱ्याची वडी, उपासाची चिंता मिटली. चिंच, कोथिंबीर, शेंगदाणे, जिरे, पेरू सगळं आहे. डाळींत अख्खा मसूर (लेन्तेहास) आणि काबुली चणे सहज मिळतात. तूर-मुगाची आशा धरू नका. वरणासाठी सोललेली सुकी आबा, म्हणजे बाकला, घ्या. रात्रभर भिजवून कुकरला लावली की पिवळी मऊ होते, हिंग-जिऱ्याची फोडणी छान बसते. हिंग आणि गोडा मसाला इथून, सीलबंद छापील पाकिटात. पेरता येईल असं कच्चं धान्य-बी सामानात नको, जप्त होऊ शकतं. कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ नोंदवा.

मक्याचं पीठ घेताना लक्ष द्या. तिथलं पीठ चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याचं असतं. त्याला उकड लागत नाही, कोमट पाण्यात मळलं की चिकटून येतं. भाकरी थापता येते, पण चव तोर्तियाचीच (तिथली मक्याची पातळ पोळी) लागणार. कच्च्या भाज्यांना बाजारात कलिल चांदीचे थेंब मिळतात. बाटलीवर लिहिले असतील तेवढे थेंब पाण्यात घालून, सांगितलेला वेळ भाजी बुडवून ठेवायची. आधी माती धुतलेली हवी, मातीत थेंब वाया जातात.

सह्यकडा

पाणवठा यांच्या लिहिण्यात मार्फिल राहिलं, त्याची थोडी भर. मार्फिलचा विचार सोडू नका. गाडी दारापर्यंत येते, पाण्याचा दाब बरा, बस गावात येते. पण ११ महिनेच असतील आणि गुडघे धड असतील तर गावातच राहा, पासेओ दे ला प्रेसाच्या बाजूला किंवा सान फेर्नान्दोच्या चौकाजवळ, रस्त्यापासून ५० पायऱ्यांच्या आत. इंटरनेटसाठी घरमालकाचा शब्द घेऊ नका, शेजाऱ्याकडे कुठली लाइन आहे ते विचारा. काही बोळांत फायबर पोहोचलेलं नसतं. टॅक्सीला मीटर नाही, बसण्यापूर्वी भाडं ठरवा. बोगद्यात फोनचा नकाशा बंद पडतो, उतरायच्या जागेचं नाव चालकाला आधीच सांगून ठेवा.

पोसितोस रस्त्यावर चित्रकार दिएगो रिव्हेराचं जन्मघर आहे (१८८६), आता संग्रहालय. नक्की जा. याच रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांना रंगवलंय, भाकर वाटताना. खानखोजे चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवायचे, मक्यावर त्यांचं काम होतं. मेक्सिको सिटीहून बस साडेचार-पाच तासांची, सेंत्राल देल नोर्ते स्थानकातून. जाता-येता एक दिवस काढून ते भित्तिचित्र बघा. मंत्रालयाची ती इमारत २०२४पासून भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे.