जुनी पाण्याची आणि ड्रेनेज लाइन: सगळी एकदम बदलायची की टप्प्याटप्प्याने?

प्रश्न : निळीशाई
नमस्कार मंडळी, शहराच्या पाणी आणि ड्रेनेज आराखड्यावर नागरिकांच्या बाजूने मत द्यायचंय, मी इंजिनीअर नाही म्हणून विचारतेय. जुन्या भागात बिडाचे पाइप, त्यानंतर वाढलेल्या वस्तीत एसी म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे, अगदी नवीन भागात पीव्हीसी. ड्रेनेज तुंबलं की गाडी येते, जेटिंग करते (म्हणजे जोरात पाणी मारून लाइन मोकळी करते) आणि जाते, काही दिवसांनी परत तेच. एक गट म्हणतो सगळं उखडून नवीन टाका, दुसरा म्हणतो फुटेल तिथे जोडत राहा. मला दोन्ही पटत नाहीयेत. सुरुवात कुठून करायची असते?

उत्तर : वाहतीधार
ताई, पाणीपुरवठ्याच्या देखभालीत बरीच वर्षं काढलीयेत म्हणून सांगतो, पहिला प्रश्न पाइप किती जुना हा नाहीच, कुठला पाइप किती वेळा फुटलाय आणि फुटला तर कोणाचं पाणी बंद होतं हा आहे. बिडाचा पाइप चांगल्या जमिनीत, नीट बसवलेला असेल तर शंभर वर्षंही निघतात, आणि तोच खाऱ्या किंवा चिकणमातीच्या जमिनीत निम्म्या काळात सडतो. एसीचं वेगळं, त्यातलं सिमेंट हळूहळू विरघळून भिंत मऊ पडते, बाहेरून धड दिसतो आणि जरा दाब वाढला की उभा चिरतो. (एसी पाइप कापताना कोरडा कटर अजिबात चालवू देऊ नका, धूळ फुप्फुसात जाते, ओला करूनच कापायचा.) त्यामुळे फक्त वय बघून बदलायला घेतलं तर धडधाकट लाइन उखडली जाते आणि सडकी तशीच राहते.

सुरुवात नकाशापासून करा. बऱ्याच ठिकाणी कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं, तो रिटायर झाला की माहिती संपली. प्रत्येक व्हॉल्व्ह शोधायचा, चेंबर साफ करायचं, वर्षातून एकदा तरी पूर्ण बंद करून परत उघडून बघायचा, आणि हळू फिरवायचा, झटक्यात बंद केला तर वॉटर हॅमरनेच (अचानक अडलेल्या पाण्याच्या दणक्याने) जुना जोड निघतो. व्हॉल्व्ह चालत नसतील तर एका गळतीसाठी अर्ध्या शहराचं पाणी तोडावं लागतं.

मग मोजमाप. शहराचे छोटे झोन पाडा, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर, आणि पहाटे दोन ते चारमध्ये किती पाणी जातंय ते बघा. त्या वेळी लोक झोपलेले असतात, म्हणजे जे वाहतंय त्यात गळतीच जास्त (घरांच्या टाक्या रात्री भरत असतील तर तेवढं वजा करायचं). कंबोडियात नॉम पेन्हचं उदाहरण वाचा. 1993 मध्ये तिथे 72 टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होतं, 2008 पर्यंत ते साधारण 6 टक्क्यांवर आलं. पाइप बदलले हे खरंच, पण त्याबरोबर घरोघरी मीटर लावले, चोरून घेतलेली कनेक्शनं शोधली, बिलं वसूल केली आणि गळतीवर रात्री काम करणाऱ्या टीम ठेवल्या. नुसते नवीन पाइप टाकून हे झालं नसतं.

अजून एक, दाब. जास्त दाब म्हणजे जास्त गळती, आणि जुन्या नेटवर्कमध्ये दाब थोडा कमी केला तरी गळती साधारण त्याच प्रमाणात उतरते. रात्री दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणं हे खोदकामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

उत्तर : मातीखालचं
वरच्या भाऊंनी पाण्याचं सांगितलं, मी ड्रेनेजवर बोलते कारण त्याकडे कोणी बघतच नाही. जेटिंगने घाण पुढे ढकलली जाते, तुंबण्याचं कारण तिथेच राहतं. आधी लाइन धुवायची आणि मग आत कॅमेरा सोडून बघायचं की झाडांची मुळं घुसलीत, जोड सरकलाय, पाइप मध्येच बसलाय की उतारच कमी आहे. पाण्याचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला 0.6 मीटरच्या आसपास गेला नाही तर गाळ बसत राहणार, तिथे जेटिंग किती करा. काँक्रीटच्या लाइनीत तर पाइप वरच्या बाजूने खाल्ला जातो. सांडपाणी साचून हायड्रोजन सल्फाइड निघतो, ओल्या छतावर बॅक्टेरिया त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात आणि काँक्रीट भुसभुशीत होतं. मग एक दिवस रस्ता खचतो आणि सगळे कॉन्ट्रॅक्टरला शिव्या देतात.

आणि हे कळकळीने सांगते, माणूस मॅनहोलमध्ये उतरवायचा नाही. या गॅसचा वास कमी असताना येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास नाही म्हणून आत गेलेला माणूस तिथेच पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. आराखड्यात मशीन, कॅमेरा आणि विषारी गॅस मोजायच्या मीटरचा खर्च धरलेला नसेल तर तो आराखडा अपुराच आहे.

सगळीकडे खोदावंच लागतं असं पण नाही. पाइपचा आकार शाबूत असेल तर आतून रेझिनचं अस्तर घालून जागेवरच कडक करतात, लंडनमध्ये 1971 पासून हे चालू आहे. पाइप पूर्ण बसला असेल तर मात्र खोदणंच आलं.

प्रश्नकर्ती : निळीशाई
खूप आभार दोघांचे. एक शंका, पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडतात, मग ड्रेनेजची गळती आणि पाण्याची गळती एकमेकांत मिसळू शकते का? कधीकधी सुरुवातीचं पाणी गढूळ येतं.

उत्तर : वाहतीधार
मिसळू शकते ताई, आणि मी यादीत हेच सगळ्यात वर ठेवीन. लाइन रिकामी झाली की आत दाब उरत नाही, कधी उलटा ओढही बसतो, मग बाहेरचं घाण पाणी त्याच गळक्या जोडातून आत शिरतं. गढूळ पाणी कधी नुसत्या गंजाचं असतं, पण ते गृहीत धरायचं नाही. त्या टोकाच्या नळावर पाणी सुरू होताना उरलेलं क्लोरीन तपासायला सांगा, लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा वास येत असेल तर तक्रार लगेच द्या, नमुना जंतूतपासणीला पाठवायला लावा, आणि निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. जिथे दोन्ही लाइनी एका चरात जवळजवळ आहेत, त्यातही ड्रेनेज वर आणि पाणी खाली असेल, ते तुकडे आधी काढा.

उत्तर : मातीखालचं
हो, आणि मत देताना एवढं लिहून घ्याच की रस्ता डांबरायच्या आधी त्याखालच्या दोन्ही लाइनी तपासल्या जातील आणि तपासणीचा रिपोर्ट रस्त्याच्या फाइलला जोडला जाईल.