सोमवार ते शनिवार देवाचं सान्निध्य कसं जाणवावं?

मालवणबंदर:
रविवारी चर्चमध्ये मिस्सा (उपासना), परम प्रसाद (पवित्र भाकर) झाला की देव जवळ असल्याचं जाणवतं. सोमवारी पहाटे बंदरावर लिलाव, मग बांगडे निवडणं, बर्फ, बाजार, घरी येऊन चूल. देवाचं नावही मनात येत नाही. रात्री जपमाळ हातात घेतली की डोळे मिटतात. वेगळा तास निघणार नाही. कामातच काय करता येईल, नेमकं सांगा. आणि जे जाणवतं ते देवाकडून की आपल्याच मनातलं, हे कसं ओळखायचं?

उत्तनकिनारा:
ताई, वेगळा तास नकोच. रोज होणारी दोनच कामं धरा, समजा डोक्यावर पाटी घेण्याआधी आणि बर्फाचा थर पसरताना. तेव्हा एका श्वासात मावेल एवढीच प्रार्थना करायची: श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत हिचं मोठं रूप शतकानुशतकं चालत आलंय. शब्द महिनोन् महिने तेच ठेवा. रोज नवे शब्द शोधले की लक्ष शब्दांवर जातं, प्रभूवर राहत नाही.

बिघडतं ते बहुतेक हावेमुळे. पहिल्याच दिवशी दहा जागा ठरवतात, आठवड्यात निम्म्या विसरतात, मग अपराधी वाटून सगळंच सोडतात. दोन जागा आपसूक आठवू लागल्या की तिसरी घ्या.

पैसे मोजताना किंवा कोयता चालवताना जप करू नका. तिथे पूर्ण लक्ष हातातल्या कामावर हवं. आधी ‘प्रभू, हे तुझ्यासाठी’ आणि झाल्यावर ‘आभार’, एवढं पुरे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे मठवासी स्वयंपाकघर सांभाळत. मन भटकलं की स्वतःला न रागावता ते परत देवाकडे वळत. मन भटकणारच; वळणं हीच तर प्रार्थना आहे!

तिन्हीसांज:
याला दिवसाची उजळणी जोडा. ही येशूसंघाचे संस्थापक संत इग्नास यांची पद्धत, दहा मिनिटांची. पण अंथरुणावर नको, झोप लागते. संध्याकाळी चर्चमध्ये एंजेलसच्या प्रार्थनेची घंटा होते, तिच्यानंतर बसा. आधी आज मिळालेल्या दोन-तीन गोष्टींचे आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. नंतर पहाटेपासूनचा दिवस ओळीने डोळ्यांसमोर आणा: मन कुठे मऊ झालं, कुठे कडू झालं. निम्मा वेळ इथेच द्या. शेवटी क्षमा, आणि उद्याच्या एकाच प्रसंगासाठी मदत.

पुष्कळजण याची पापांची यादी करून टाकतात. तसं झालं की महिनाभरात माणूस बसायलाच टाळतो. लिलावात कुणी सांभाळून घेतलं, थकलेलं असूनही गिऱ्हाइकाशी गोड बोललं गेलं, हेही बघायचं. देव बहुधा तिथेच सापडतो, मागे वळून पाहिल्यावर.

वेंगुर्ले_उपासक:
आम्ही प्रॉटेस्टंट, पण वरचं दोन्ही पटतं. दुसऱ्या प्रश्नाबद्दल: भावनेवरून ठरवू नका, फळावरून ठरवा. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये आत्म्याचं फळ दिलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मनात आलेली प्रेरणा चार दिवस मानली आणि घरातल्यांशी वागणं सौम्य झालं, तर ती धरून ठेवा. जी घाई करते, घाबरवते, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणते, ती लगेच मानू नका, थांबा. पाळकांशी किंवा फादरांशी बोला.

काहीच जाणवत नाही असे आठवडेही येतात. झोप, आजारपण, घरची चिंता आधी तपासा, कारण थकलेल्या शरीराला काहीच जाणवत नाही. देव निघून गेला असा अर्थ काढू नका.

तिन्हीसांज:
संत इग्नासचा नियमही तोच: मन कोरडं असताना, देव जवळ वाटत होता तेव्हा घेतलेला निर्णय बदलायचा नाही. त्या दिवसांत उजळणी कमी करण्याऐवजी दोन मिनिटं जास्त बसा.

मालवणबंदर:
मग रात्रीची जपमाळ सोडू का?

उत्तनकिनारा:
सोडू नका, वेळ बदला. जपमाळेच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच भागांना, वीसेक मिनिटं लागतात. एक रहस्य, म्हणजे एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’ आणि एक ‘गौरव’ प्रार्थना, बंदराकडे चालताना तीन-चार मिनिटांत होतं. मणी हातात नसले तर बोटांवर मोजा. उरलेली चार परतीच्या वाटेवर किंवा घरच्यांसोबत जेवणाआधी. रात्री अंथरुणावर फक्त क्रुसाची खूण करा आणि झोपा.