प्रतिसाद: पाटे वाढवले म्हणजे भार वाढवता येतो का?

दादा, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवून ट्रक भारानं खाली बसायचा थांबतो, पण ब्रेक आणि टायर तेच राहतात. आरसीवरच्या भरलेल्या गाडीच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. उरेल तेवढाच भार, त्यात ड्रायव्हर-क्लीनरही आले.

सांगली मार्केट यार्डातून हळदीची पोती भरताना हमाल घाईत फाळक्याकडेच, म्हणजे मागच्या झडपेकडेच, ढीग लावतात. मागच्या ॲक्सलच्या मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हातात लागत नाही. खंबाटकी घाटात हे एकदा अनुभवलंय, घाम फुटला होता! तेव्हापासून पहिली थप्पी केबिनला चिकटवूनच. आणि दोर? पोती दबतात, दोर सैल पडतो. मी पेठनाक्याला चहाला थांबतो तेव्हा पुन्हा आवळतो. ताडपत्री वेगळ्या दोरानं बांधा.