हिमनदीत सापडलेल्या जवानाची ओळख पटवणं आणि त्याला घरी आणणं

बर्फात हरवलेल्या जवानाचे अवशेष सापडले की ओळख पटवायला ‘कोणत्याही नातेवाइकाचं रक्त घेतलं की झालं,’ असं काही जण म्हणतात. तसं नाही. हिमनदीत अनेक वर्षांनी सापडलेल्या अवशेषांतला केंद्रकीय डीएनए (पेशीच्या केंद्रकातला, आई-वडील दोघांकडून येणारा) बऱ्याचदा तुटलेला असतो. मग भिस्त मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर, म्हणजे पेशीत केंद्रकाबाहेर असलेल्या डीएनएवर. तो आईकडून येतो, म्हणून आई, सख्खे भाऊ-बहीण किंवा बहिणीची मुलं लागतात. जवानाच्या स्वतःच्या मुलांमध्ये तो उतरत नाही. मुलगा, वडील, पुतण्या उपयोगी पडतात ते वाय-गुणसूत्रासाठी, जे बापाकडून फक्त मुलग्याला मिळतं. आई-वडील हयात असतानाच नमुने जपून ठेवले तर पुढचं खूप सोपं होतं.

तरी आधी खिसे तपासले जातात. १९६८ला हिमाचलमधल्या रोहतांगजवळ पडलेल्या हवाई दलाच्या एएन-१२ विमानातल्या (१०२ जण होते) काही जणांचे अवशेष २०२४ला सापडले. त्यांतल्या एकाची ओळख पे-बुकावरून (जवानाच्या पगाराच्या नोंदवहीवरून) पटली. सियाचिनमध्ये २०२२ला सापडलेल्या लान्स नायक हरबोलांची, लष्करी क्रमांकाच्या बिल्ल्यावरून.

ओळख पटल्यावर घरी आणताना मुंबईत खरी अडचण जिन्याची. चाळीच्या वळणावर किंवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये शवपेटी मावत नाही. उभी करून नेण्याचा हट्ट कृपा करून नको. अंत्यदर्शन खाली आवारातच ठेवावं, आणि रुग्णवाहिका मागे घेता येईल एवढ्या गाड्या आदल्या रात्रीच हलवाव्यात.

शवपेटीवर तिरंगा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे. अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी तो काढायचाच. ध्वजसंहितेनुसार तो चितेवर जाळत नाहीत, कबरीतही उतरवत नाहीत. घडी करून तो कुटुंबाच्या हाती देतात. कुणाच्या हाती, हे घरात आधीच ठरवा. पत्नी आणि आई दोघी समोर असल्या की त्या क्षणी फार अवघड होतं.