मदत हवी आहे: लाइव्ह कोडिंग आणि सिस्टिम डिझाइनची तयारी सांगलीत राहून कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका छोट्या कंपनीत बॅकएंड डेव्हलपर आहे. आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्जं, पिग्मी (एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत) वगैरे. जावा आणि मायएसक्यूएल. सध्या पुण्यातल्या प्रॉडक्ट कंपन्यांत नोकरीसाठी प्रयत्न चालू आहेत. ऑनलाइन टेस्ट निघते. गाडी अडते ती मुलाखतीच्या पुढच्या दोन राउंडना.

पहिला लाइव्ह कोडिंगचा, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या देखत कोड लिहिण्याचा. परवाचा प्रश्न साधाच होता. आकड्यांची यादी दिली आहे, त्यातल्या कोणत्या दोघांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते ते शोधा. प्रत्येक जोडी तपासत बसलं तर एक लाख आकड्यांच्या जवळपास 500 कोटी जोड्या होतात. त्याऐवजी पाहिलेले आकडे हॅशमॅपमध्ये (हवी ती नोंद लगेच सापडते अशा रचनेत) ठेवत गेलं की यादीवरून एकदाच फिरून भागतं. हे मला प्रश्न वाचतानाच सुचलं होतं. पण समोरचे म्हणाले, "लिहिताना डोक्यात काय चाललंय ते बोलत राहा." बोलायला लागले की हात थांबतो, लिहायला लागले की तोंड बंद. कोड बरोबर चालला, तरी नंतरच्या मेलमध्ये विचार नीट मांडता येत नाहीत असं कारण आलं.

"इंग्रजी सुधार" हा सल्ला सगळेच देतात. मला तो अर्धाच पटतो, कारण कोड लिहिताना मी मराठीतही बोलत नाही. ऑफिसात आम्ही आधी लिहितो, मग एकमेकांना दाखवतो. ज्यांना ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागली, त्यांनी सुरुवात कशी केली?

दुसरा राउंड सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभारायची ते मांडण्याचा, आणि खरी अडचण इथे आहे. केलेलं एखादं अवघड काम सांगा म्हटल्यावर मी पिग्मीचं सांगितलं. एजंट दिवसभर दुकानं फिरतो, पावत्या हातातल्या मशीनमध्ये साठतात, संध्याकाळी शाखेत येऊन तो सगळं सर्व्हरवर चढवतो. मध्येच नेट गेलं की पुन्हा बटण दाबतो, तोवर निम्म्या पावत्या पोचलेल्या असतात. त्या दुसऱ्यांदा जमा झाल्या तर खातेदाराच्या नावावर न भरलेले पैसे दिसतात आणि शाखेची कॅश जुळत नाही. म्हणून मशीन नंबर, तारीख आणि पावती नंबर मिळून युनिक की केली (तीच पावती दुसऱ्यांदा नोंदवलीच जात नाही), आणि पावतीची नोंद व खात्यातली जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतली, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. आता तीच फाइल कितीदाही आली तरी रक्कम एकदाच चढते. हे काम मी मनापासून केलंय, आणि त्यांनाही ते आवडलं असं वाटलं.

मग प्रश्न आला, दहा लाख एजंट एकदम अपलोड करायला लागले तर? मी मध्ये क्यू, म्हणजे आलेल्या नोंदींची रांग, टाकू म्हटलं. त्यावर शार्डिंग (डेटा अनेक सर्व्हरवर वाटणं) कशावर कराल, क्यू तुंबली तर काय, असं सुरू झालं. हे सगळं मी वाचलंय, पण चालवलेलं नाही. आमच्या मोठ्यातल्या मोठ्या संस्थेलाही एकच सर्व्हर पुरतो.

घरी येऊन हिशोब मांडला. एजंटमागे 100 पावत्या धरल्या तर दिवसाला 10 कोटी नोंदी. त्या संध्याकाळच्या दोन तासांत आल्या तर सेकंदाला साधारण 14 हजार. आकडा समोर आल्यावर कुठे काय लागेल ते बरंच सुचायला लागलं. तर मुलाखतीत आधी हा हिशोब मांडायला वेळ मागितलेला चालतो का? आणि जे प्रत्यक्ष केलं नाही ते "वाचलंय, वापरलेलं नाही" असं सरळ सांगावं का? मला तरी तसंच सांगावंसं वाटतं.

एचआरचंही थोडक्यात विचारते. माझा नोटिस पिरियड दोन महिन्यांचा आहे, त्यांना महिन्याभरात माणूस हवा असतो. शिवाय सांगलीतला पगार सांगितला की त्यावरच टक्केवारी लावून ऑफर ठरवतात. पुण्यातल्या त्याच कामाचा दर धरून बोलणी करायची असतील तर विषय कधी काढावा? पहिल्या फोनलाच की सगळे राउंड झाल्यावर?

पुढचा डिझाइन राउंड महिनाअखेरीला आहे. शनिवारी किंवा रविवारी व्हिडिओ कॉलवर तासभर माझी सराव मुलाखत घेईल असं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सांगली, मिरज, कोल्हापूरकडचं कोणी असेल तर प्रत्यक्षही भेटता येईल. बदल्यात एसक्यूएलची तयारी मी करून घेईन. जॉइन, इंडेक्स, लॉकिंग यांवर रोजचा हात आहे.