मशीन बिघडलेलं नाही, मांडी दमलीय
"करंटचा आकडा तोच, तरी दहा मिनिटांनी मांडी आवळेनाशी होते, मशीन बिघडलंय का?" असं तुम्ही पॅड लावून करंटने मांडीचे स्नायू आवळणाऱ्या मशीनबद्दल विचारलंय. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर माझंही हेच झालं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या फिजिओंकडून रिक्षाने घरी आलो की मांडी लटपटायची. एरवी पांडवलेणी चढणारा मी, दोन पायऱ्यांना घाबरायचो!

आपण स्वतः पाय ताणतो तेव्हा मज्जासंस्था स्नायूतले तंतू आलटून-पालटून कामाला लावते. काही राबतात, काही विसावतात. करंटला अशी पाळी लावता येत नाही. पॅडखालचे तेच ते तंतू, सगळे एकदम, प्रत्येक झटक्याला जुंपले जातात. त्यात लवकर दमणारे जलद तंतूही सुरुवातीपासून ओढले जातात. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारे झटके, जास्त असेल तर दमणं आणखी लवकर. म्हणून तर स्नायू बळकट करायच्या 'रशियन करंट' या प्रकाराच्या मूळ पद्धतीत 10 सेकंद करंट आणि 50 सेकंद विश्रांती असायची. तुम्ही 10-10 लावलंय म्हणता, तिथेच पाणी मुरतंय.

आकडा परस्पर वाढवू नका, फिजिओंना आधी विश्रांतीचं विचारा. मला पॅड जरा सरकवून लावल्याचाही फरक जाणवला होता.