मदत हवी आहे: बायनरी ऑप्शन्स शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

नवखा_नाशिककर

नमस्कार मंडळी. डीमॅट खातं आहे, एसआयपी चालू आहे, बाजाराची जुजबी ओळख आहे. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमुळे बायनरी ऑप्शन्सचं ॲप मोबाईलमध्ये आलं. डेमोवर ४० सौदे केले, प्रत्येकी ५०० डॉलरचे. २४ बरोबर आले, दहा हजारांचे ११,६०० झाले. खऱ्या खात्यात अजून एक रुपयाही भरलेला नाही.

शंका अशा: शेअर बाजारातल्या नेहमीच्या कॉल-पुट ऑप्शन्सपेक्षा हे वेगळं कसं? एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत, एक मिनिटाची बरी की पाच? हरलं की पुढची रक्कम वाढवायची, ही पद्धत ग्रुपवर सगळे सांगतात, ती चालते का? पहिल्या भरण्यावर १०० टक्के बोनस आहे, घ्यावा का? कंपनी सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्समध्ये नोंदलेली आहे म्हणे, मग भारतात कायदेशीर आहे ना?

नुसतं 'नादी लागू नका' म्हणू नका. का, ते सांगा.

आकडेमोड

'का'पासूनच सुरू करू. बायनरी ऑप्शनमध्ये प्रश्न एकच असतो: ठरलेल्या वेळी भाव ठरलेल्या पातळीच्या वर असेल की खाली? उत्तर बरोबर आलं तर ठरलेला परतावा, चुकलं तर लावलेली सगळी रक्कम गेली. भाव किती हलला याला काही किंमत नाही. युरो-डॉलर १.०८४५२ ला असताना 'वर' दाबलं आणि मिनिट संपताना १.०८४५१ दिसलं, तर शेवटच्या एका आकड्यापायी पूर्ण ५०० गेले. नेहमीचा कॉल, म्हणजे भाव वाढण्यावरचा ऑप्शन, घेतला तर भाव जितका वर जाईल तितका नफा वाढतो, अधेमधे विकून बाहेर पडता येतं, आणि समोर विकणारा दुसरा कुणीतरी असतो. तुमच्या ॲपमध्ये समोर खुद्द ॲपच आहे. तुमचा तोटा हा थेट त्याचा नफा.

आता डेमोच्या स्क्रीनवर मालमत्तेच्या (युरो-डॉलर वगैरे) नावाशेजारी परताव्याचा टक्का लिहिलेला असतो, तो बघा. तुमच्या आकड्यांवरून तो ८० निघतो (२४ × ४०० = ९,६०० आले, १६ × ५०० = ८,००० गेले, उरले १,६००). अख्खा धंदा त्या ८० मध्ये आहे. जिंकलात तर १०० वर ८०, हरलात तर १०० जातात. म्हणजे नऊपैकी पाच बरोबर आले तर फक्त बरोबरी: ५ × ८० = ४००, ४ × १०० = ४००. टक्क्यांत ५५.५६. परतावा ७० असेल तर ५८.८ टक्के बरोबर यावे लागतात, ९० असेल तर ५२.६.

एका मिनिटानंतर भाव वर असेल की खाली, हे जवळजवळ नाणेफेकीइतकंच असतं. निम्मे बरोबर धरले तर ५०० चे शंभर सौदे म्हणजे ५०,००० ची उलाढाल, त्यात २०,००० आले, २५,००० गेले. दर शंभर रुपयांच्या सौद्यामागे दहा रुपये, हा इथला दर. तुम्ही शिकत असलात तरी आणि तज्ज्ञ असलात तरी.

म्हणून एक मिनिट की पाच मिनिटं, या प्रश्नाचं उत्तर: टक्का तोच असेल तर एक मिनिटात तेच नुकसान पाचपट वेगाने होतं.

पेठेतला_सटोडिया

वरच्या हिशोबाला एक तळटीप. मटक्यात एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळायचे आणि आकडे दहा. शंभर लावले तर सरासरी नव्वद परत. ८० टक्क्यांच्या बायनरीतही शंभराचे सरासरी नव्वदच होतात. दर तोच! आणि मुंबईचा आकडा सुरू झाला तोही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर, म्हणजे 'मार्केट'वरच. फरक इतकाच की मटक्याला दिवसात ओपन आणि क्लोज असे दोनदाच दार उघडायचं. इथे दर मिनिटाला.

नवखा_नाशिककर

हिशोब पटला. पण माझे ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के आलेत, ५५.५६ च्या वर. मग?

आकडेमोड

४० वेळा नाणं उडवा. २४ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे. डेमो वापरणाऱ्या दर सात-आठ जणांत एकाला काहीही न येता तुमच्याइतकाच निकाल दिसतो, आणि पैसे भरायला पुढे येतो तो नेमका तोच. पद्धतीत दम आहे की नाही हे ४० वरून कळत नाही, किमान हजार सौद्यांची नोंद लागते. तीही आधी लिहिलेल्या नियमाने, 'वाटलं म्हणून दाबलं' असे सौदे बाजूला ठेवून.

शिवाय डेमोचा भाव आणि खऱ्या खात्याचा भाव एकच असतो, याची हमी कुणी देत नाही. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतानाही ॲपवर 'युरो-डॉलर ओटीसी' हलताना दिसतो. तो भाव ॲपने स्वतः तयार केलेला असतो. पत्ते वाटणारा तोच, डाव खेळणाराही तोच.

हरल्यावर रक्कम वाढवण्याचंही इथेच सांगतो. परतावा ८० टक्के असताना दुप्पट करून भागत नाही. मागचा तोटा भरून पहिल्या सौद्याचे ८० पदरात पाडायचे तर दर वेळी २.२५ पट लावावे लागतात. १०० पासून निघालात तर: १००, २२५, ५०६, १,१३९, २,५६३, ५,७६७. सलग सहा चुकले की १०,३०० गेले, आणि हा सगळा आटापिटा ८० रुपयांसाठी. सातव्या पायरीला जवळजवळ १३,००० लागतात. सलग सहा चुकण्याची शक्यता ६४ त एक. ऐकायला लांबची वाटते, पण दिवसाला अशा वीस मालिका खेळणाऱ्याला ती आठवड्याच्या आत गाठते. बहुतेक ॲपवर एका सौद्याची कमाल मर्यादाही असते, त्यामुळे खिशात पैसे असले तरी शिडी मधेच संपते.

सिग्नलबंद

ग्रुपबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. ८०० जणांचे दोन भाग करा. निम्म्यांना 'वर' सांगा, निम्म्यांना 'खाली'. ज्यांचं बरोबर आलं त्या ४०० जणांचे पुन्हा दोन भाग. चार फेऱ्यांनंतर ५० जण असे उरतात ज्यांना सलग चार अचूक सिग्नल मिळालेत. त्यांना पाचवा सिग्नल विकायला काय लागतं? त्यातून ग्रुपची नोंदणी लिंक 'रेफरल'ची असते, आणि अशा लिंकवाल्याला बऱ्याचदा तुम्ही भरलेल्या पैशांचा किंवा तुमच्या तोट्याचा वाटा मिळतो. लिंकच्या शेवटी आकड्यांचं किंवा नावाचं शेपूट आहे का, बघा.

कलम_पोटकलम

कायद्याचं. सेंट व्हिन्सेंटची वित्तीय सेवा नियामक संस्था फॉरेक्सचा किंवा बायनरीचा परवाना देतच नाही, हे ती स्वतः जाहीरपणे सांगते. तिथला कंपनी नोंदणी क्रमांक दाखवणं म्हणजे दुकानाचा गुमास्ता दाखवून बँक चालवल्यासारखं आहे.

भारतात रहिवाशाला चलनाचे सौदे करायचे तर ते रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचावर किंवा एनएसई, बीएसई, एमएसई या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच, आणि फेमा, १९९९ या परकीय चलनाच्या कायद्याने परवानगी दिलेल्या कारणासाठीच. एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात हे खरं, पण परदेशी एक्स्चेंजला किंवा परदेशी पार्टीला मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) म्हणून पैसे पाठवायला त्यातही मनाई आहे. फेमाच्या कलम १३ नुसार दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. तो ॲपवाल्याला नाही, व्यवहार करणाऱ्याला.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ ला अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी पहिल्यांदा काढली. तीत ३४ नावं होती. बिनोमो, ऑलिम्प ट्रेड, आयक्यू ऑप्शन ही त्यातलीच. यादी पुढे वाढत गेली. तुमच्या ॲपचं नाव तीत नसेल तर ते अधिकृत ठरतं, असं मुळीच नाही. अधिकृत मंचांची यादी वेगळी असते, नाव तिच्यात असायला हवं.

बाहेरच्या देशांतल्या मराठी वाचकांसाठी: युरोपीय संघात २ जुलै २०१८ पासून किरकोळ ग्राहकांना हे विकायला मनाई झाली, ब्रिटनमध्ये २ एप्रिल २०१९ पासून कायमची बंदी, ऑस्ट्रेलियात ३ मे २०२१ पासून. इस्रायलमधून हा धंदा जगभर चालायचा, तिथल्या संसदेनेच ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंद केला. अमेरिकेत मात्र नियंत्रित एक्स्चेंजवर चालतो. तिथे कराराची किंमत ० ते १०० डॉलरमध्ये ठरते, ४५ ला घेणाऱ्यासमोर ५५ ची जोखीम घेणारा दुसरा सौदेबाज असतो, आणि मुदतीआधी विकता येतं. नाव तेच, पण वस्तू वेगळी.

केवायसी_काका

कलमं राहू द्या, आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघू. ॲपमध्ये 'यूपीआयने भरा' दाबा, पण पैसे न पाठवता फक्त पुढे आलेलं नाव वाचा. ॲपचं नाव दिसणारच नाही. कुठली तरी मोबाईल शॉपी, कुठले तरी ट्रेडर्स, नाहीतर सरळ एखाद्या माणसाचं नाव. पुन्हा उघडलं की दुसरंच. ही भाड्याची खाती.

खरी मेख पैसे परत येताना आहे. तुम्ही २,००० काढले, आलेही, तुम्ही खूश. पण ते आले भलत्याच खात्यातून, आणि त्या खात्यात दुसऱ्या कुणाला फसवून घेतलेली रक्कम होती. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात. मग तेवढ्या रकमेवर लीन लागतं, म्हणजे ती काढता येत नाही, कधीकधी अख्खं खातंच गोठतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर विचारूच नका. अशा वेळी शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागायच्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची मागणी आहे, आणि वादातली रक्कम किती. त्याशिवाय पुढचा अर्ज कुठे करायचा हेच कळत नाही.

बोनस: घेऊ नका. अटींमध्ये 'टर्नओव्हर' शोधा. समजा १०,००० भरले, १०,००० बोनस मिळाला आणि अट बोनसच्या ३५ पट उलाढालीची आहे. म्हणजे साडेतीन लाखांचे सौदे झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. आकडेमोड यांच्या दहा टक्क्यांनी साडेतीन लाखांवर सरासरी तोटा ३५,०००. खात्यात आहेत २०,०००.

आणि पैसे काढताना 'आधी आयकर भरा' किंवा 'प्रक्रिया शुल्क पाठवा' असं आलं तर तिथेच थांबायचं. आयकर असा कुणाच्या यूपीआयवर भरत नाहीत. त्यानंतर 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्यांचे फोन येतात, तो दुसरा फास.

नवखा_नाशिककर

आत्ता करून बघितलं. यूपीआयला एका किराणा दुकानाचं नाव आलं. बंद केलं. मग कायदेशीर पर्याय काय? एनएसईवर ऑप्शन्स शिकू का? आणि एक चूक झालीय: डेमो उघडताना आधार, पॅन आणि सेल्फी अपलोड केलेत.

आकडेमोड

एनएसईवर चलनाचे ऑप्शन्स आहेत, पण मे २०२४ पासून त्यासाठी मुळात चलनाची खरी जोखीम असावी लागते, म्हणजे आयात-निर्यात वगैरे. निफ्टीचे ऑप्शन्स कायदेशीर आहेत, भाव खरा आहे, सेटलमेंटची हमी आहे. तरीही सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक सौदेबाजांना तोटा झालेला दिसला. शिकायचंच असेल तर रोज संध्याकाळी एनएसईच्या संकेतस्थळावरची ऑप्शन चेन (सगळ्या कॉल-पुटच्या भावांचा तक्ता) उघडा, एक कॉल वहीत लिहून ठेवा, आणि एक्स्पायरीपर्यंत त्याची किंमत रोज कशी झिजते ते टिपा. तीन महिने, शून्य रुपयात. अमुक घटना घडेल का यावर पैसे लावायच्या 'होय-नाही' वाल्या ओपिनियन ट्रेडिंगकडे वळू नका. ते सेबीच्या नियंत्रणाखाली येत नाही, असा इशारा खुद्द सेबीने एप्रिल २०२५ मध्ये दिलाय.

केवायसी_काका

कागदपत्रांचं आज रात्रीच करा. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं की टेलिग्रामवरच्या फाइलमधून? फाइलमधून असेल तर काढण्याआधी सेटिंग्जमध्ये त्याला दिलेली एसएमएस, कॉन्टॅक्ट्स आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी बंद करा, मग ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून नेटबँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर ॲपची माहिती देता येते, पैसे गेलेले नसले तरी.

पॅनवर कुणी कर्ज उचललं का, ते क्रेडिट रिपोर्टवरून कळतं. रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आज एकीकडून काढा, तीन महिन्यांनी दुसरीकडून, वर्ष निघतं. त्यात 'चौकशी' म्हणून लिहिलेला भाग आधी वाचा, अनोळखी कर्जकंपनीचं नाव पहिल्यांदा तिथेच दिसतं.